रिकाम्या खडकावर आधी कोण?

खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयाची नवी टाकी भरून तीन-चार आठवडे झाले, की एक ठरावीक गोष्ट घडते. अमोनिया शून्यावर आलेला असतो, नायट्राइट उतरणीला लागलेलं असतं, आणि पांढऱ्याशुभ्र वाळूवर तपकिरी थर धरू लागतो. सकाळी दिवे लागण्याआधी तो फिका असतो, संध्याकाळपर्यंत गडद होतो. आठवड्याभरात तो खडकावर चढतो. आज पुसलेली काच उद्या पुन्हा धुरकट दिसते. मग पंपाच्या तोंडाशी, जिथे पाणी जोरात आदळतं तिथे, हिरव्या तंतूंचा पहिला झुबका दिसतो.

इथे बहुतेकांचा हात औषधाच्या बाटलीकडे जातो. तो थोडा वेळ आवरावा असं मला कळकळीनं वाटतं, कारण नव्या टाकीतलं शेवाळ हा जितका पाण्याचा प्रश्न आहे, त्याहून जास्त जागेचा आहे. नव्या टाकीत खडक, वाळू, काच, पाइप, पंप, सगळे पृष्ठभाग कोरे असतात. खाद्य आहे, उजेड आहे आणि जागा मोकळी आहे. कोणीतरी येऊन बसणारच. नांगरून तसंच सोडलेल्या रानात पहिल्या पावसानंतर आधी तण उगवतं, त्यातलाच हा प्रकार. झपाट्यानं वाढणारे, अल्पायुषी जीव आधी येतात. सावकाश वाढणारे, चिवट आणि टिकाऊ जीव मागाहून. आपल्या हातात एवढंच असतं की कोणाला किती काळ बसू द्यायचं आणि त्यांच्या जागी पुढे कोणाला आणायचं. टाकी निर्जंतुक ठेवायचा अट्टाहास केला, की शेवटी तिथे सगळ्यात त्रासदायक पाहुणे येतात. त्यांच्याबद्दल पुढे सविस्तर लिहितो.

आधी सायकलिंगचा, म्हणजे जनावरं आणण्याआधी अमोनिया पचवणारे सूक्ष्मजीव टाकीत वाढवण्याचा हिशोब. तो आकड्यांत मांडला की शेवाळाचं अर्धं कोडं तिथेच सुटतं. अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे सूक्ष्मजीव आपल्याला पृष्ठभागांवर वाढवायचे असतात. यात फक्त बॅक्टेरियाच असतात असं बरीच वर्षं मानलं जायचं. २००५ साली सिॲटलच्या मत्स्यालयातल्या समुद्री टाकीतून नायट्रोसोपुमिलस मॅरिटिमस नावाचा आर्किया (बॅक्टेरियासारखाच दिसणारा, पण वेगळ्या कुळातला सूक्ष्मजीव) वेगळा काढला गेला, आणि अमोनिया पचवण्याच्या कामात आर्कियांचाही वाटा आहे हे पक्कं झालं. या सगळ्यांना लागतं काय, तर अमोनिया, ऑक्सिजन, २५ ते २७ अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान, आठाच्या थोडा वर पीएच आणि पुरेशी अल्कलिनिटी, म्हणजे पाण्याची आम्ल सोसायची ताकद. उजेड लागत नाही.

१०० लिटर पाण्यात २ पीपीएम (म्हणजे लिटरला २ मिलिग्रॅम) अमोनिया आणायला सुमारे ६३० मिलिग्रॅम अमोनियम क्लोराइड पुरतं. टाकीच्या बाहेरच्या मापावरून लिटर काढू नका. खडक आणि वाळू बरीच जागा खातात, म्हणून प्रत्यक्ष ओतलेलं पाणी मोजा. एकदम जास्त अमोनिया घालून काम लवकर होत नाही. ४–५ पीपीएमच्या वर गेलात तर नायट्राइट पचवणारे जीव मंदावतात आणि सायकल आठवडाभर आहे तिथेच अडकून राहते. आता पुढचा आकडा बघा. २ पीपीएम अमोनिया पूर्ण पचला की त्यातून साधारण सव्वासात पीपीएम नायट्रेट तयार होतं. असे तीन डोस दिले, की मासा नाही, प्रवाळ नाही, तरी पाण्यात वीस-बावीस पीपीएम नायट्रेट. शेवाळाचं निम्मं जेवण आपणच वाढून ठेवलेलं असतं. शिवाय प्रत्येक डोसमागे साधारण ०.६ ते ०.७ डीकेएच (अल्कलिनिटी मोजायचं एकक) अल्कलिनिटी खर्च होते, ती मधूनमधून मोजत राहायची. ७ च्या खाली गेली तर खाण्याच्या सोड्यानं भरून काढायची.

कोळंबीचा तुकडा टाकून सायकल करायची जुनी पद्धत अजूनही सुचवली जाते. तिचा आग्रह मी धरणार नाही. कुजणारी कोळंबी अमोनिया देते, पण सोबत फॉस्फेटही सोडते, आणि ते खडकात जाऊन बसतं. अमोनियम क्लोराइडमध्ये फॉस्फेट नसतं. मात्र अगदी स्वच्छ पाणी आणि अगदी कोरा खडक असेल तर उलटी अडचण येऊ शकते: सूक्ष्मजीवांना वाढायला थोडं फॉस्फेट हवंच असतं, ते मुळीच नसेल तर सायकल पुढे सरकत नाही. अशा वेळी माशांच्या कोरड्या खाद्याची एक छोटी चिमूट पुरे.

सायकल पूर्ण झाली हे कसं ओळखायचं? २ पीपीएमचा डोस दिल्यावर २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले, की झाली. इथे टेस्ट किटची एक खोड माहीत असायला हवी. बरीचशी नायट्रेट किट आधी नायट्रेटचं नायट्राइट करतात आणि त्याचा रंग मोजतात. पाण्यात आधीच नायट्राइट असेल तर नायट्रेटचा आकडा अवाच्या सवा फुगतो. म्हणून नायट्राइट शून्य होईपर्यंत नायट्रेट मोजून घाबरण्यात अर्थ नाही. ते शून्य झालं की मोजा, आणि २०–२५ च्या वर असेल तर जनावरं आणण्याआधी एकच मोठा पाणीबदल करा, ५० टक्क्यांपर्यंत. पाण्यातले सूक्ष्मजीव वाहून जातील ही भीती नको, कारण कामाचे बहुतेक जीव पृष्ठभागाला चिकटलेले असतात.

या सगळ्या काळात टाकीचे दिवे बंद. शेवाळ टाळायचा याहून सोपा उपाय मला माहीत नाही, आणि तरी तोच सगळ्यात कमी पाळला जातो, कारण नवी टाकी बघायचा मोह आवरत नाही. खिडकीतून थेट ऊन येत असेल तर त्या बाजूला पुठ्ठा लावा. अंधारामुळे सूक्ष्मजीवांचं काहीच बिघडत नाही, उलट तीव्र उजेडात अमोनिया पचवणारे जीव मंद होतात. पहिला प्रवाळ येईपर्यंत दिव्याचं टाकीत काहीच काम नसतं. मासे आले तर खोलीतला उजेड त्यांना पुरतो.

पाण्याचं म्हणाल, तर नळाचं पाणी नको, एवढंच खरं तर पुरेसं आहे. त्यात नायट्रेट, फॉस्फेट, सिलिकेट आणि कधी तांबंही असतं. आरओ-डीआय फिल्टरचं पाणी, म्हणजे आरओनंतर उरलेले क्षार डीआय रेझिननं काढलेलं पाणी, वापरायचं आणि टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचा आकडा) शून्य हवा. पण शून्य दाखवणारा मीटरही एका बाबतीत फसवतो. पाण्यातली सिलिका बहुतांशी विद्युतभाररहित असते, त्यामुळे टीडीएस मीटरला ती नीटशी दिसत नाही. आणि डीआय रेझिन संपत आलं की सगळ्यात आधी तीच निसटते. तपकिरी थर महिन्या-दोन महिन्यांनीही हटत नसेल, तर मीटर शून्य दाखवत असला तरी रेझिन बदलून बघा. मीठ ३५ पीपीटीला (हजार भागांत ३५ भाग क्षार) येईल इतकं, म्हणजे ब्रँडप्रमाणे लिटरला ३६ ते ४० ग्रॅम. खारेपणा मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर साध्या पाण्यावर शून्याला लावून भागत नाही. ३५ पीपीटीच्या प्रमाणित द्रावणावर तपासून घ्यावा. बाष्पीभवनानं घटलेलं पाणी भरताना साधं आरओ-डीआय पाणी घालायचं, मिठाचं नाही.

आता खडक. माझ्या मते नव्या टाकीच्या पहिल्या वर्षाचा निकाल इथेच लागतो. हल्ली बहुतेक टाक्या कोरड्या खडकावर उभ्या राहतात. हा खडक कॅल्शियम कार्बोनेटचा असतो, आणि कॅल्शियम कार्बोनेटला फॉस्फेट धरून ठेवायची सवय आहे. पूर्वी कधी समुद्रात किंवा कोणाच्या टाकीत राहिलेल्या खडकाच्या पोटात वाळलेले स्पंज, किडे, शेवाळ असं बरंच काही असतं. पाण्यात गेला की तो हे फॉस्फेट हळूहळू सोडू लागतो. आपण पाणी बदलतो, आकडा उतरतो, आणि आठवड्यात पुन्हा तिथेच येतो, कारण पाण्यात कमी झालं की खडक आणखी सोडतो. शेवाळ नेमकं खडकावरच का धरतं आणि काचेवर कमी का, याचं एक उत्तर इथे आहे: खाद्य त्याच्या मुळाशीच झिरपत असतं.

म्हणून खडक टाकीत जाण्याआधी झाकणाच्या मोठ्या डब्यात किंवा ड्रममध्ये मुरवायचा. ३५ पीपीटीचं खारं पाणी, एक हीटर, एक पॉवरहेड (पाणी फिरवणारा छोटा पंप) आणि पूर्ण अंधार. खडक आधी कडक ब्रशनं घासून, भोकांमधला गाळ पाण्याच्या धारेनं काढून घ्यायचा. आठवड्यातून एकदा फॉस्फेट मोजायचं, तळाचा गाळ ओढून काढायचा, पाणी बदलायचं. पाणी बदलल्यावर आकडा किती आहे याला महत्त्व नाही. पाणी न बदलता सात दिवसांनी तो किती चढला, हे बघायचं. सात दिवसांत ०.१ पीपीएमच्या आत राहिला तर खडक वापरण्याजोगा झाला. ०.५ च्या वर जात असेल तर आणखी मुरू द्या. घाईच असेल तर फॉस्फेटला साक्यात बांधणाऱ्या लँथनम क्लोराइडनं डब्यातच फॉस्फेट उतरवता येतं. चालू टाकीत, माशांच्या अंगावर, ते ओतायचं नाही. त्याचा बारीक पांढरा साका कल्ल्यांत अडकतो. याच डब्यात अमोनियाचे डोस दिले तर सायकलही इथेच उरकते आणि तयार झालेलं नायट्रेट ओतून देता येतं. दिसायला कंटाळवाणं काम, पण पुढचे सहा महिने वाचवणारं. एक इशारा मात्र लक्षात ठेवाच: खडक उकळू नका. त्यावर झोअँथिड जातीचे प्रवाळ कधी असतील, तर त्यांच्यातलं पॅलिटॉक्सिन वाफेसोबत श्वासात जातं, आणि माणसं दवाखान्यात पोचतात.

एवढं करूनही डायटम येणारच. तपकिरी, पावडरसारखा, बोट फिरवलं की धुरासारखा उडून जाणारा थर म्हणजे डायटम, एक सूक्ष्म एकपेशीय शेवाळ. त्यांना स्वतःचं कवच बांधायला सिलिका लागते. नवी वाळू, नवा खडक आणि नव्या मिठातून ती थोडीफार मिळते. ती संपली की दोन ते चार आठवड्यांत ते आपोआप ओसरतात. वाळू चाळवू नका, औषध घालू नका, काच पुसा आणि बाकीचं तसंच राहू द्या. गोगलगायी आणि वाळूतल्या बारीक जिवांचं हे पहिलं जेवण आहे.

हिरव्या केसांसारखं शेवाळ मात्र आपोआप जायची वाट बघण्याजोगं नसतं. ते वाढलं की त्याच्या जाळीत गाळ अडकतो, गाळ कुजतो, त्यातून पुन्हा खाद्य तयार होतं आणि खालचा खडक गुदमरतो. या टप्प्यावर हमखास गोंधळ होतो तो असा: टाकी हिरवीगार, आणि किट म्हणतं नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य. मग किट खराब ठरवलं जातं किंवा शेवाळाला खाद्य लागतच नाही असा निष्कर्ष निघतो. खरं म्हणजे किट फक्त पाण्यात उरलेलं मोजतं. जे तयार झाल्याबरोबर शेवाळानं उचललं, ते पाण्यात दिसणारच नाही. त्यामुळे शेवाळ भरपूर असताना आलेला शून्य आकडा 'खाद्य बंद झालं' असं सांगत नाही. जितकं येतंय तितकं सगळं शेवाळाच्या पोटात जातंय, असं सांगतो. अशा वेळी पोटातल्या त्या साठ्यासकट शेवाळ टाकीबाहेर काढणं, हाच खाद्य कमी करायचा सगळ्यात नेमका मार्ग.

ते काढायची रीत नीट सांगतो, कारण नुसतं ओरबाडल्यानं तुकडे टाकीभर उडतात आणि प्रत्येक तुकडा नव्या जागी रुजायला बघतो. पंप बंद करा. आतून ६ मिलिमीटरच्या आसपास जाडीची पारदर्शक नळी घ्या आणि तिच्या तोंडाशी लहान मुलांचा टूथब्रश अशा बेतानं बांधा की ब्रशचे केस नळीच्या तोंडापुढे जेमतेम अर्धा सेंटिमीटर राहतील. नळीचं दुसरं टोक खालच्या बादलीत, २०० मायक्रॉनच्या फिल्टर सॉकमध्ये, म्हणजे गाळायच्या पिशवीत. सायफन चालू झाला की झुबका बुडाशी चिमटीत धरून खडकालगत उपटा, आणि उरलेल्या बुडख्यावर ब्रश फिरवा. जे सुटेल ते तिथल्या तिथे नळीत जातं. उपटलेला झुबका हातावर ठेवून बघा. वरून ताजे हिरवे तंतू, आणि बुडाशी राखाडी-तपकिरी गाळाची गोळी घट्ट गुंतलेली. ती गोळी बाहेर निघाली नाही, तर आठवड्याभरात त्याच जागी तेवढाच झुबका पुन्हा येतो. सॉकमधून गाळलेलं पाणी टाकीत परत घालता येतं, म्हणून एकाच बैठकीत पाणीबदलाच्या मर्यादेत अडकायचं कारण नाही. सॉक लगेच धुवायचा.

सुटा खडक असेल तर बाहेर काढून घासा आणि चिवट जागांवर ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड ब्रशनं लावा, दोन-तीन मिनिटं फेसू द्या, खाऱ्या पाण्यात विसळून परत ठेवा. प्रवाळावर आणि कोळंबीवर ते जाऊ देऊ नका. दोन-तीन दिवसांत ती जागा पांढरी पडते आणि गोगलगायी नेमक्या तिथेच चरायला येतात. तंतू पिसासारखे, मधल्या दांड्याला दोन्ही बाजूंनी फुटलेले दिसले तर ते ब्रायोप्सिस. त्याला गोगलगायी फारसं तोंड लावत नाहीत आणि खाद्य कमी करूनही ते हटत नाही. तिथे फ्लुकोनाझोल, लिटरला सुमारे ५ मिलिग्रॅम, हे बुरशीविरोधी औषध मी मान्य करतो. दोन-तीन आठवडे फिल्टरमधला सक्रिय कार्बन काढून ठेवायचा, नाहीतर तो औषध शोषतो. हिरवे टपोरे फुगे म्हणजे व्हॅलोनिया. ते फोडायचे नाहीत, बुडातून अख्खे उचकटायचे.

फॉस्फेट उतरवायला जीएफओ (फॉस्फेट शोषणारे लोह-ऑक्साइडचे दाणे) वापरायचं असेल तर डब्यावर लिहिलेल्या मात्रेच्या चौथाईनं सुरुवात करा आणि दर दोन दिवसांनी मोजा. ०.०३ ते ०.१ पीपीएम ही माझ्या मते नव्या टाकीसाठी सुखाची पट्टी. नायट्रेट ५ ते १०. फॉस्फरस पीपीबीमध्ये (पीपीएमच्या हजाराव्या भागात) दाखवणारा डिजिटल तपासक असेल तर आलेल्या आकड्याला ३.०६६ नं गुणून हजारानं भागा, म्हणजे फॉस्फेट पीपीएममध्ये मिळतं. २० पीपीबी म्हणजे ०.०६. हा हिशोब न केल्यानं पुष्कळ टाक्यांतलं फॉस्फेट विनाकारण शून्यावर नेलं जातं.

गोगलगायी अमोनिया आणि नायट्राइट शून्य झाल्यावर, आणि शेवाळ दिसायला लागल्यावरच आणाव्यात. १०० लिटरला ट्रोकस जातीच्या चार-पाच आणि सेरिथ जातीच्या तितक्याच गोगलगायी सुरुवातीला पुरतात. बाजारात सांगितली जाणारी संख्या याच्या कितीतरी पट असते. शेवाळ ओसरलं की त्यातल्या अर्ध्या उपाशी मरतात, आणि कवचात कुजलेली गोगलगाय नव्या टाकीत चांगलाच अमोनिया सोडते. ट्रोकस उलटी पडली तरी स्वतः सरळ होते. ॲस्ट्रियाला बऱ्याचदा ते जमत नाही आणि ती वाळूवर उताणी पडून मरते. सेरिथ रात्री वाळूत शिरून वरचा थर हलता ठेवते. टर्बो भरपूर खाते, पण नीट न चिकटवलेले प्रवाळ पाडत जाते. लांब केस झालेलं शेवाळ यांपैकी बहुतेक जणी खात नाहीत. त्यांना खुरटं, नुकतं फुटलेलं लागतं. म्हणून आधी हातानं काढायचं आणि मग गोगलगायींवर सोपवायचं, हा क्रम उलटा करून चालत नाही. आणताना मिठाच्या फरकाचा धक्का त्यांना सोसत नाही. पिशवीतल्या पाण्यात नळीनं थेंबथेंब टाकीचं पाणी सोडत तासभर द्यावा.

लालसर-जांभळा, बुळबुळीत, चादरीसारखा अख्खा सोलून निघणारा थर म्हणजे सायनोबॅक्टेरिया. पाणी साचून राहतं तिथे तो धरतो. नळीनं ओढून काढा, पॉवरहेडची दिशा बदला, आणि एकूण प्रवाह टाकीच्या आकाराच्या ताशी २० ते ४० पट आहे का ते बघा. अँटिबायोटिकनं तो दोन दिवसांत जातो हे खरं, पण मेलेला थर कुजताना पाण्यातला ऑक्सिजन झपाट्यानं खातो, आणि मोकळ्या झालेल्या जागेवर पुढे कोण येईल हे सांगता येत नाही. मी तो मार्ग नव्या टाकीला देणार नाही.

आणि आता ते पाहुणे, ज्यांचा उल्लेख वर केला: डायनोफ्लॅजेलेट, थोडक्यात डायनो, म्हणजे शेपटीसारख्या तंतूंनी पोहणारे एकपेशीय जीव. दिसायला डायटमसारखेच तपकिरी, म्हणून पहिले दोन आठवडे सगळे त्यांना डायटमच समजतात. फरक बघायचा तो दुपारी, दिवे तीन-चार तास लागून झाल्यावर. थर शेंबडासारखा चिकट झालेला असतो, त्यातून तार निघते, आणि तारेच्या टोकाशी हवेचा बुडबुडा वर ओढत उभा असतो. रात्री तोच थर निम्म्याहून नाहीसा, आणि सकाळी वाळू स्वच्छ. गोगलगायी सुस्तावतात, कवचाबाहेर लोंबतात, मरतात. खात्री करायला घरच्या घरी एक चाचणी होते. थोडा थर टाकीच्याच पाण्यासकट झाकणाच्या बाटलीत घ्या आणि जोरात हलवून पूर्ण विस्कटा. कॉफीच्या फिल्टर कागदातून गाळा. खाली आलेलं पाणी स्वच्छ दिसतं, पण सुटे डायनो कागदातून सहज पार होतात. ते गाळलेलं पाणी बाटलीत घेऊन दिव्याखाली तासभर ठेवा. पाण्यात पुन्हा तपकिरी तारा आणि गुठळ्या जमल्या तर डायनोच. ४०० पट मोठं दाखवणारा साधा सूक्ष्मदर्शक मिळाला तर जातही कळते, आणि उपाय जातीवर ठरतो, म्हणून तो मिळवाच.

हे येतात का? कोरडा खडक, निर्जंतुक वाळू, जोरदार स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र), जीएफओ, आठवड्याला मोठे पाणीबदल, आणि अभिमानानं दाखवला जाणारा शून्य-शून्य आकडा. नायट्रेट आणि फॉस्फेट संपलं की हिरवं शेवाळ, डायटम, उपयोगी बॅक्टेरिया सगळे मागे हटतात. डायनो हटत नाहीत. त्यांच्यातले बरेच जण उजेडावर जगतात आणि शिवाय बॅक्टेरियाही गिळतात, त्यामुळे उपासमारीच्या पाण्यात त्यांना स्पर्धक राहत नाही. शेवाळ मारायच्या उत्साहात आपण मोकळी केलेली जागा त्यांना आयती मिळते.

म्हणून इथे सगळं उलट करायचं. पाणीबदल थांबवा. जीएफओ काढा. नायट्रेट ५ ते १० आणि फॉस्फेट ०.०५ ते ०.१ वर आणून तिथे टिकवा. १०० लिटरमध्ये ५ पीपीएम नायट्रेट वाढवायला सुमारे ६८५ मिलिग्रॅम सोडियम नायट्रेट लागतं. फॉस्फेट ०.०५ नं वाढवायला ट्रायसोडियम फॉस्फेट, बारा पाण्याचे रेणू असलेलं, सुमारे २० मिलिग्रॅम. इतकं बारीक वजन घरी होत नाही, म्हणून २ ग्रॅम एक लिटर आरओ-डीआय पाण्यात विरघळवा. त्यातले १० मिलिलिटर म्हणजे २० मिलिग्रॅम. पहिले काही दिवस आज घातलेलं फॉस्फेट उद्या गायब होईल, कारण कोरा खडक ते शोषतो. रोज मोजून रोज घालावं लागतं. खडकाचं पोट भरेपर्यंत हे चालतं, आणि इथेच बहुतेकांचा धीर सुटतो.

सूक्ष्मदर्शकाखाली टोकाशी निमुळता, थेंबासारखा आणि एकाच बिंदूभोवती गरगरणारा दिसला तर ऑस्ट्रिऑप्सिस. तो रात्री पाण्यात सुटतो, म्हणून यूव्ही दिवा त्याच्यावर चांगला चालतो: दर १० ते १२ लिटरला १ वॅटच्या हिशोबानं, संपमध्ये (टाकीखालच्या फिल्टरच्या टाकीत) न लावता थेट मुख्य टाकीतून पाणी घेऊन तिथेच सोडणारा. तीन दिवस दिवे पूर्ण बंद ठेवून यूव्ही चालू केला तर फरक लवकर दिसतो. तो विषारी आहे; हातमोजे घाला, हात डोळ्यांना लावू नका, आणि पाण्यात सक्रिय कार्बन ठेवा. चपटा, अंडाकृती, सरळ सरकत जाणारा ॲम्फिडिनियम असेल तर यूव्हीचा काही उपयोग नाही, कारण तो वाळू सोडतच नाही. त्याच्यावर उपाय म्हणून सोडियम सिलिकेट घालून डायटम मुद्दाम वाढवतात. ज्या डायटमला सगळे कंटाळलेले असतात, तेच वाळूवरची जागा डायनोंच्या हातून काढून घेतात.

जागा भरायचा सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे जिवंत माल आणणं. जुन्या, निरोगी, वर्ष-दोन वर्षं चाललेल्या टाकीतला मुठीएवढा लाइव्ह रॉक (जीवजंतूंनी भरलेला ओला खडक) किंवा वाटीभर ओली वाळू सायकल संपताच टाकीत आली, तर त्यांच्यासोबत कोपेपॉड (अगदी बारीक कवचधारी जीव), किडे, स्पंज आणि शेकडो जातींचे सूक्ष्मजीव येतात. बाटलीतल्या बॅक्टेरियात ही विविधता नसते. त्या बाटल्या अमोनिया पचवायला ठीक, जागा भरायला अपुऱ्या. लाइव्ह रॉकसोबत आयप्टेशिया (झपाट्यानं पसरणारं उपद्रवी समुद्रफूल) आणि व्हॅलोनियाही येऊ शकतात, हा धोका खरा आहे. आठवडाभर वेगळ्या बादलीत, पंप आणि हीटर लावून, रोज टॉर्चच्या उजेडात तपासून मगच आत सोडावा. तेवढी काळजी घेतली तर हा धोका पत्करावा, असंच मी म्हणेन.

दिवे लावायची वेळ आली की २०–३० टक्के तीव्रता आणि दिवसाला पाच तास, इथून सुरुवात. आठवड्याला अर्धा तास आणि पाच टक्के वाढवत आठ-नऊ तासांपर्यंत जा. मधल्या कुठल्याही आठवड्यात हिरवं शेवाळ एकदम उसळलं तर आदल्या पायरीवर परत या आणि दोन आठवडे तिथेच थांबा. कॅल्शियम ४०० ते ४५० पीपीएम, मॅग्नेशियम १२५० ते १३५० पीपीएम, अल्कलिनिटी ८ डीकेएचच्या आसपास स्थिर राहिली, तर तिसऱ्या-चौथ्या महिन्यात पंपांवर आणि काचेच्या कडांना गुलाबी ठिपके दिसू लागतात. हे कोरलाइन, म्हणजेही शेवाळच, पण चुनखडीचं आणि सावकाश वाढणारं. ते जिथे पसरलं तिथे हिरव्याला पकड मिळत नाही. ठिपके दिसले की पुढची काच पुसायला हरकत नाही; मागची आणि बाजूची काच मात्र खरवडायची नाही. तिथला पातळ हिरवा थर गोगलगायींना पुरतो, आणि खरवडलं तर त्याच्यासोबत गुलाबी ठिपकेही जातात.